अर्धी रुंदी

मंगळवार, ३ फेब्रुवारी

एकसष्टावी फिल्मही रुंदच. तेहतीस. मुंगीने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. चिमट्याने फिल्म उचलून डबीत ठेवली, डबीवर ६१ लिहिलं आणि म्हणाली, "ताई, पंप साफ करून पुन्हा करते."

चार वर्षं ती हेच करते आहे. कणाकणाने काम ओढत नेते म्हणून सरांनी पहिल्याच महिन्यात मुंगी हे नाव ठेवलं. तेव्हा कौतुकाने ठेवलं होतं.

चार वाजता चहाला सर म्हणाले, "फिल्म बनवणं हा हातगुण आहे. तिच्या हाताला तो नाही, त्याला आपण काय करणार? महिनाअखेरीस सांगून टाकू. पीएचडी सोडून लहान पदवी घेऊन जाऊ दे बिचारीला."

मी मान हलवली. होकाराची की नुसती ऐकल्याची, माझं मलाच सांगता येत नाही.

घरी आल्यावर बाबांनी पुन्हा विचारलं, "तू दिवसभर मोजतेस तरी काय?" दर दोन महिन्यांनी विचारतात. मीही दर वेळी नव्याने सांगते. काचेच्या नखाएवढ्या तुकड्यावर चुंबकी धातूचा थर असतो, केसाच्या चार हजाराव्या भागाइतका पातळ. तो तांब्याच्या पट्टीवर उपडा ठेवायचा. पट्टीतून मायक्रोवेव्ह सोडायच्या आणि मोठ्या चुंबकाचं क्षेत्र हळूहळू वाढवत न्यायचं. थरातले चिमुकले चुंबक भोवऱ्यासारखे डुलत असतात. एका ठरावीक क्षेत्राला त्यांचा ताल आणि लहरींचा ताल जुळतो, ते ऊर्जा पिऊन टाकतात आणि पडद्यावरच्या रेषेत खड्डा पडतो. खड्डा अरुंद असेल तर भोवरा बराच वेळ डुलत राहतो, म्हणजे फिल्म चांगली. रुंद असेल तर डुलणं लवकर विरतं, म्हणजे फिल्म खराब.

"आणि तुम्हाला किती अरुंद पाहिजे?"

"साडेपंधरा ओरस्टेड. चुंबकी क्षेत्र त्यात मोजतात. अकरा वर्षांपूर्वी सरांनी केली होती. त्यानंतर कुणालाच जमली नाही."

"सरांनाही?"

त्यांनी पुन्हा केलीच नाही, असं मी म्हणाले. म्हणताना पहिल्यांदाच ते विचित्र वाटलं.


बुधवार, ४ फेब्रुवारी

पंप दिवसभर उघडा. मुंगीचे हात कोपरापर्यंत काळे. जेवायला आली नाही.


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सरांनी आज कपाटातून ती साडेपंधराची डबी काढून दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "तिला एकदा दाखव, चांगली फिल्म कशी दिसते ते. जाताना निदान एवढं तरी बघून जाऊ दे."

डबी हातात घेताना उगाच हात पुसले. या फिल्मवर आमच्या प्रयोगशाळेचं नाव झालं. शोधनिबंधावर दोनच नावं होती: फिल्म सरांची, मोजमाप माझं. मी तेव्हा पस्तिशीची होते. नोकरी कायम झाली ती त्याच जोरावर.

मुंगी शेजारी उभी होती. मी लहरी दहा गिगाहर्ट्झवर लावल्या, क्षेत्र वाढवत नेलं. खड्डा पडला. नव्या यंत्राने आकडा दाखवला: एकतीस ओरस्टेड.

पट्टी पुसून पुन्हा ठेवली. एकतीस. केबल बदलली. एकतीस.

मुंगी हळूच म्हणाली, "सरांची फिल्म पण माझ्या वळणावर गेली की."

सर तेवढ्यात आत आले होते. "अकरा वर्षं झाली. गंजली असेल. अकरा वर्षांनी तूही गंजशील." मग माझ्याकडे वळून, "राहू दे. उगीच काढली."

मुंगी हसली. मी हसले नाही. फिल्म उचलून डबीत ठेवली.


शनिवार, ७ फेब्रुवारी

सुट्टी. घरी बसून तेच.

फिल्म गंजली तर थर झिजतो. मग खड्ड्याची नुसती रुंदी बदलत नाही, जागाही सरकते. कालची जागा मला पाठ आहे, आणि जुन्या निबंधातली तर तोंडपाठच. दोन ओरस्टेडचा फरक. म्हणजे फरक नाहीच. जागा तीच, खोली जवळपास तीच, रुंदी मात्र साडेपंधराची एकतीस. बरोबर दुप्पट.

गंज इतका हिशेबी नसतो.

बाबा खिडकीत बसून माझ्या कोटाचं अस्तर उसवत होते. "एवढं काय लिहितेस?" म्हणाले. काही नाही म्हटलं.


सोमवार, ९ फेब्रुवारी

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. जुन्या वह्यांचं कपाट उघडलं. अकरा वर्षांपूर्वीची निळी वही. त्या काळी आम्ही प्रत्येक मोजमापाचा आलेख छापून वहीत डकवायचो. डिंक पिवळा पडला आहे, आलेख शाबूत आहे.

फुटपट्टी घेतली. खड्ड्याची खोली मोजली, तिच्या निम्म्यावर पेन्सिलीने आडवी रेघ ओढली. या काठापासून त्या काठापर्यंत मोजलं. तळाच्या आकड्यांवरून हिशेब केला.

एकतीस.

त्याच आलेखाच्या बाजूला, निळ्या शाईत, माझ्या अक्षरात: रुंदी १५.५.

आकडा काढणारा प्रोग्राम मीच लिहिला होता. जुन्या संगणकावर तो अजून आहे. उघडून बघितला. तो खड्ड्याच्या मध्यापासून एका काठापर्यंतचं अंतर देतो. म्हणजे अर्धी रुंदी. त्यात काही चूक नाही, कित्येक जण अर्धीच घेतात. पण डुलणं किती लवकर विरतं हे काढायच्या सरांच्या सूत्रात पूर्ण रुंदी घालायची असते. आम्ही अर्धी घातली. म्हणून उत्तर जगाच्या निम्म्यावर आलं आणि जगाने टाळ्या वाजवल्या.

मुंगी आली तेव्हा नवं यंत्र आलं होतं. ते पूर्ण रुंदी देतं. सूत्र तेच. तिचं उत्तर बरोबर येत होतं. चार वर्षं बरोबर येत होतं, आणि चार वर्षं मी तिला सांगत होते, पुन्हा कर.

फुटपट्टी! एक फुटपट्टी आलेखावर ठेवायला मला अकरा वर्षं लागली.


मंगळवार, १० फेब्रुवारी

सगळं पुन्हा तपासलं. वेगळ्या तीन आलेखांवर. तेच.

कुणाला सांगितलं नाही. आधी पूर्ण खात्री करून घ्यावी, असं स्वतःला सांगितलं.


गुरुवार, १२ फेब्रुवारी

खात्री काल दुपारीच झाली होती. हे इथे तरी लिहून ठेवावं.

आज मुंगी बासष्टावी घेऊन आली. पंप साफ केल्यानंतरची पहिली. ती फिल्म पट्टीवर ठेवते तेव्हा श्वास रोखून धरते, हे मला माहीत होतं, पण आज मला ते बघवेना. आली तीस. सरांच्या फिल्मपेक्षा सरस.

ती म्हणाली, "थोडी सुधारली ना ताई?"

मी म्हटलं, "ठीक आहे."

ठीक आहे! एवढंच म्हटलं. ती डबी घेऊन गेली.

सरांना आधी सांगायला हवं, रीत तशी आहे. सर आज बाहेर होते. उद्याही आहेत. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आणि तरी मला माहीत आहे की मी त्यांच्या आडोशाला उभी आहे.


शनिवार, १४ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. ते कात्रीला धार लावत होते, मी समोर बसले आणि सुरू झाले. अर्धी, पूर्ण, मुंगी, सगळं.

धार लावायचं थांबवून त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "आम्हा शिंप्यांकडे याला दुमडीचं माप म्हणायचे. कपडा टेबलावर पसरून मोजला की येतो तो अर्धा. लिहिताना खाली 'दु' लिहायचा. एकदा मी 'दु' लिहायला विसरलो."

हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"गाणाऱ्या मुलींचे झगे होते. चौदा. खालचा घेर मी दुमडीने मोजून लिहिला. माझ्या भागीदाराने तो पुरता समजून कापला. मुली घालून बघायला आल्या तर एकीलाही पाऊल टाकता येईना. आता बघ, चौदापैकी चौदा जणींना घट्ट होतंय म्हणजे दोष कुणाचा? पण मी काय म्हणालो? म्हटलं, पोरींनो, माप दिल्यापासून जाड झालात तुम्ही."

"मग?"

"मग काय, त्यांनी मान खाली घातली. त्यांना पटलं. शिंपी म्हणतोय म्हणजे खरंच असणार. एकीने म्हणे तीन दिवस जेवण सोडलं. तिच्या आईने येऊन सांगितलं तेव्हा मी वही उघडली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"झगे पुन्हा शिवले." पात्याची धार अंगठ्यावर बघितली. "झगे पुन्हा शिवता येतात."

कात्री पुसून ठेवत म्हणाले, "सोमवारी बोल. रविवार मध्ये आहे म्हणून सोमवार. नाहीतर आजच म्हणालो असतो."


सोमवार, १६ फेब्रुवारी

सरांच्या टेबलावर वही उघडून ठेवली, वर फुटपट्टी ठेवली. "सर, तुम्हीच मोजा."

त्यांनी मोजलं नाही. आलेखाकडे पाहिलं, माझ्या निळ्या अक्षराकडे पाहिलं, चष्मा काढला. इतका अनुभवी माणूस. कळायला अर्धं मिनिट लागलं.

"मी तेव्हा तुला विचारलं होतं. पूर्ण रुंदी आहे ना म्हणून. तू हो म्हणालीस."

"विचारलं होतं का सर?"

"विचारलं असणारच. मी विचारणार नाही असं होईल का?"

मला तो प्रसंग आठवतो. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, मी मान वर न करता हो म्हटलं. पण हे मला आठवतं आहे की त्यांनी आत्ता म्हटल्यावर मी ते रचलं, खात्री देता येत नाही. त्यांनाही नाही. दोघांनाही आठवत नाही आणि दोघांनाही वाटतं की आठवतं.

"माझ्या मागे लपू नको आणि मीही तुझ्या मागे लपणार नाही," ते शेवटी म्हणाले. "पण दोन दिवस दे. मला माझ्या डोळ्यांनी बघू दे. तोवर तिला काही बोलू नकोस."

मी बरं म्हटलं. जिन्यावर येईपर्यंत कळलं की मला हायसं वाटलं आहे. दोन दिवस त्यांनी मागितले, पण मिळाले मला.


बुधवार, १८ फेब्रुवारी

सर सकाळी नऊला प्रयोगशाळेत आले. बाह्या दुमडलेल्या. यंत्रापाशी ते कित्येक वर्षांत बसले नव्हते.

आपली जुनी फिल्म सरळ ठेवली. मी म्हटलं, "सर, उपडी."

"माहितीये," म्हणाले आणि उपडी ठेवली.

आलेख छापून घेतला. यंत्राच्या आकड्याकडे बघितलंच नाही. माझी फुटपट्टी मागून घेतली, रेघ ओढली, मोजलं. दोनदा मोजलं.

"एकतीस." मग फुटपट्टी खाली ठेवून, "आणि मी त्या पोरीला हातगुण शिकवत होतो." ते हसले. ते हसू मला पुन्हा ऐकायचं नाही.

"बोलाव तिला. मी सांगतो."

मी म्हटलं, "नाही सर. मी सांगते."

मुंगी हात पुसत आली. मी सांगितलं. वही दाखवली. तिला समजवावं लागलंच नाही, अर्ध्या वाक्यात कळलं. ती वहीवर वाकून उभी राहिली.

"म्हणजे माझ्या फिल्म..."

"चांगल्या आहेत. अडतिसावी तर सरांच्या फिल्मपेक्षा कितीतरी चांगली आहे. सत्तावीस."

"अडतिसावी मागच्या मार्चमधली. तुम्ही म्हणाला होतात, काच नीट धुतली नाहीस."

"हो."

"मी त्यानंतर सहा महिने काचाच धूत होते, ताई."

सर काहीतरी बोलायला गेले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी, म्हणता आलं असतं. सरांनी मोजलं ते आजच. "नऊ तारखेला," मी म्हटलं.

"आज अठरा."

"हो."

"बारा तारखेला मी बासष्टावी आणली होती. तुम्ही मोजलीत. मी विचारलं, सुधारली ना."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. पाणी आणणं, खुर्ची देणं. तिने पिशवी उचलली. "सर, येते," म्हणाली. दारापाशी थांबून, माझ्याकडे पाठ करूनच, "पंप चालू आहे. दुपारी बंद करा."


गुरुवार, १९ फेब्रुवारी

आली नाही.

नऊ दिवसांचा झाडा स्वतःशीच दिला. तपासण्याचे दोन. खात्री झाल्यावर नुसताच घालवलेला एक. सर नव्हते ते दोन, पण फोन होता. शनिवार-रविवार दोन, तेही फोन असलेले. सरांनी मागितलेले दोन, जे मी नाकारू शकले असते. कुठूनही मोजलं तरी तपासण्याचे दोनच भरतात. बाकीचे सात भीतीचे.

कशाची भीती? सरांची नाही. नोकरीची? आता कुणी काढणार नाही. मला वाटतं, साडेपंधरा गेल्यावर माझ्यापाशी काय उरतं, त्याची. चोख मोजते, हीच माझी एक ओळख होती.


शुक्रवार, २० फेब्रुवारी

दहाला आली. हातात घडी केलेला कागद. उभ्यानेच वाचून दाखवला, आवाज एकसारखा.

"दुरुस्तीचं पत्र छापायला पाठवाल ना? त्यात 'गैरसमज' हा शब्द नको. चूक म्हणा. माझं नाव त्यात नको. चूक मी केलेली नाही, शोधलेलीही नाही. सगळ्या बासष्ट फिल्म मी पुन्हा मोजणार. मी एकटी. तुम्ही शेजारी नको."

"बरं."

"आणि चावी."

मोजमापाच्या खोलीची चावी अठरा वर्षं माझ्या जुडग्यात आहे. कडी घट्ट होती. नखाने उघडेना. तिने पिशवीतून चिमटा काढला, फिल्म उचलायचा, आणि कडी उघडून चावी काढून घेतली. जुडगा मला परत दिला.

"मी जाणार नाहीये," ती म्हणाली. "तुम्हाला वाटत असेल म्हणून सांगते. तुमच्यासाठी थांबत नाहीये."

"कळलं."

"महिनाअखेरीस सर मला काय सांगणार होते, ते मला माहीत होतं. घरी सामान बांधून ठेवलं होतं."

जेवणाच्या सुट्टीत तिच्या खोलीतून चुंबकाची घरघर येत होती. मी बाहेर बसून ऐकली.


रविवार, २२ फेब्रुवारी

पत्राचा मसुदा. पहिलं वाक्य लिहिलं: मोजमापात चूक झाल्याचे निदर्शनास आले आहे. वाचलं. कुणी केली, कुणाच्या निदर्शनास आली, काहीच नाही. जणू चूक आपली आपण झाली, पावसासारखी. खोडलं. लिहिलं: मी चूक केली.

सरांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, "'मी' काढ. 'आम्ही' लिही. सूत्र माझं होतं."

आम्ही लिहिलं.


मंगळवार, २४ फेब्रुवारी

पत्र गेलं. शिवाय ज्या ज्या लोकांनी आमच्या आकड्याचा आधार घेतला त्या सगळ्यांना वेगळं लिहायचं ठरवलं. एकशे सतरा निबंध, पण प्रयोगशाळा साठ-बासष्ट. एकेकाला लिहिते आहे. सर म्हणाले, एवढं कशाला, छापून येईलच. मग संध्याकाळी स्वतःच पंधरा पत्ते शोधून दिले.


शुक्रवार, २७ फेब्रुवारी

उत्तरं येऊ लागली. बहुतेक दोन ओळींची. कळवल्याबद्दल आभार. एकाने लिहिलं आहे, आमच्या सगळ्या फिल्म एका सकाळीत चांगल्या झाल्या, असाच एखादा निरोप माझ्या गुडघ्यांबद्दल पाठवा. सर मोठ्याने हसले. मुंगीने ऐकलं आणि तिच्याही ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

बासष्टही मोजून झाल्या. सगळं माझ्या आकड्यांशी जुळलं. तिने तसं तोंडाने सांगितलं नाही, तक्ता माझ्या टेबलावर ठेवला. प्रबंधाचं मोठं प्रकरण अडतिसाव्या फिल्मचं होईल. चहाला सरांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "ती कशी केलीस, मला शिकव." ती म्हणाली, "सोमवारी या सर. जुने कपडे घालून या."

घरी येताना हलकं वाटलं. वेळेत कळलं, मुलगी राहिली, कुणाचं फार बिघडलं नाही, असं मनात येऊन गेलं. ते लिहून ठेवते आहे, कारण ते आलं होतं.


मंगळवार, ३ मार्च

आज एक उत्तर आलं. उतरवून ठेवते.

"आमच्याकडे एक विद्यार्थिनी होती. साडेपाच वर्षं तिने हीच फिल्म केली. तुमचा आकडा तिला कधीच गाठता आला नाही. सात वर्षांपूर्वी मी तिला थांबवलं. तुमचं पत्र आल्यावर तिच्या वह्या काढून पाहिल्या. तिचं बरोबर होतं. ती हल्ली कुठे असते, मला ठाऊक नाही."

मुंगीला लगेच दाखवलं. तिने वाचलं, कागद उलटून मागे पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं.

"ताई, नाव काय तिचं?"

त्यांनी लिहिलेलं नाही.